पाठ नसलेला नंबर

मोबाइल दुरुस्त करणाऱ्यानं फोन उघडून त्याचे इवलेसे स्क्रू बाटलीच्या झाकणात ओतले, फुटकी काच बाजूला काढली आणि म्हणाला, "सातला या, ताई."

डिरेक्टरीबाईंनी भिंतीवर घड्याळ शोधलं, ते नव्हतं. लेकीची बस साडेपाचला होती.

"आत्ता किती वाजले?"

"पाच वाजून पाच."

डिरेक्टरीबाई हे नाव त्यांना इस्पितळातल्या डॉक्टरांनी ठेवलं होतं. तिथल्या टेलिफोन बोर्डावर त्यांनी एकतीस वर्षं काढली. वॉर्ड, रक्तपेढी, शवागार, झाडून सगळ्या डॉक्टरांची घरं, आणि एक सर्जन घरी नसले तर नेमके कुठे सापडतील तो नंबरही त्यांना तोंडपाठ होता. कागद बघून नंबर फिरवणाऱ्याला त्या ऑपरेटर मानायलाच तयार नसत. एवढी हुशार बाई, पण आज सकाळी तिनं आपल्या पोटच्या पोरीला काय ऐकवावं? "तू गेलीस तर मला मुलगी नव्हतीच असं समजेन मी."

जीभ घसरली म्हणावं तर तसंही नाही. चांगली मोकळी सोडली होती. लेकीला परदेशात दोन वर्षांची नोकरी लागली होती. वडील जाऊन वर्ष झालेलं, घरात आई एकटी, आणि ही निघाली. लेक कपड्यांच्या घड्या करत राहिली. तेच बाईंना जास्त झोंबलं. दुपारी बॅगा बंद व्हायला लागल्या तेव्हा यांनी पर्स उचलली, "फोन दुरुस्तीला टाकून येते" म्हणाल्या आणि निघाल्या. काच तीन महिने फुटलेली होती, तिचा पुळका आजच आला. निरोप द्यायला घरात थांबायचं नाही, एवढाच काय तो बेत.

आता तो फोन पोट फाडून पालथा पडला होता आणि राग कुठल्या कुठे पळाला होता. बाईंनी बोर्डावर बसून काय काय ऐकलं होतं. 'अमक्या खाटेवर माझा भाऊ आहे, त्याला एवढंच सांगा' म्हणणारी माणसं. त्या वॉर्डात फोन जोडायच्या, आणि कधी कधी तिथली सिस्टर हळूच म्हणायची, उशीर झाला हो. मग तो उशीर बाईंनाच परत त्या माणसाला कळवावा लागे. आपलं सकाळचं वाक्य लेकीच्या बॅगेतून विमानात चढणार, अकरा तास तिच्या शेजारी बसणार, या विचारानं त्यांचं धाबं दणाणलं.

"मला एक फोन करायचाय, अगदी आत्ता."

"माझ्यावरून करा की." दुरुस्तीवाल्यानं स्वतःचा फोन पुढे केला. पन्नाशीचा भला माणूस, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. "सांगा नंबर."

बाईंनी तोंड उघडलं. नऊ, म्हणाल्या. पुढे आठ होता का? की सात? त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे फक्त लेकीचा फोटो आला, त्या फोटोवर बोट ठेवलं की फोन लागायचा. त्याखाली आकडे असतात, हे त्यांनी सहा वर्षांत एकदाही पाहिलं नव्हतं.

"माझं कार्ड काढून तुमच्या फोनमध्ये घाला."

"घालतो, पण नंबर कार्डात नसतात आता. फोनच्या पोटात असतात. आणि पोट तर तुम्ही बघताय."

"मग जोडा ते परत."

"ताई, जुनी काच काढताना मोडलीय. नवीन डकवल्यावर दोन तास हात लावता येत नाही. कुणा नातेवाइकाचा नंबर सांगा."

नातेवाईक सगळे त्याच पोटात होते. नंबरांची वही होती, ती मोबाइल आल्यावर बाईंनी स्वतःच्या हातानं रद्दीत घातली होती. वर नवऱ्याला म्हणाल्या होत्या, धूळ खाते नुसती.

त्या दुकानाबाहेर पडल्या आणि भराभर चालत कोपऱ्यावर गेल्या. तिथे काचेचा टेलिफोन बूथ होता. म्हणजे असायचा. त्या जागी आता फोनची रंगीत कव्हरं टांगलेली होती. बूथ असता तरी काय दिवे लावणार होत्या? पण घाबरलेल्या माणसाचे पाय सवयीनं चालतात. वर बघितलं तर चौकातलं मोठं घड्याळ नाही, नुसता खांब. एका गृहस्थाला वेळ विचारली. त्यानं मनगट पुढे केलं नाही, खिसा चाचपला, फोन काढला, त्यावर आलेला निरोप वाचला, हसला, आणि मग म्हणाला, "पाच तेरा." तेवढ्या वेळात बाईंना त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला.

बसस्टँड गावाच्या दुसऱ्या टोकाला. रिक्षा केली तरी या वेळच्या गर्दीत चाळीस मिनिटं. त्या कव्हरांच्या दुकानापुढेच उभ्या राहिल्या. उजव्या हाताचं बोट मांडीवर आपोआप आपटत होतं. पाच, दोन, सात, एक, एक. बाईंनी बोटाकडे बघितलं. पाच, दोन, सात, एक, एक. हा तर बसस्टँडच्या कंट्रोल रूमचा नंबर. बाहेरगावचे डॉक्टर बसनं यायचे तेव्हा बाई रोज तिथे फोन करून बस आली का विचारत.

त्या वयाला न शोभणाऱ्या वेगानं परत दुकानात आल्या. "लावा. पाच, दोन, सात, एक, एक."

"पाचच आकडे?" त्यानं लावला. 'हा नंबर अस्तित्वात नाही,' एक गोड बाई आतून म्हणाली.

"हिला काय कळतंय," बाई म्हणाल्या. माणसांच्या जागी टेपवरची बाई बसवली तेव्हापासून त्यांचं तिच्याशी वाकडंच होतं. मग एकदम कपाळावर हात मारला. त्या पाच आकड्यांवरच अडकल्या होत्या. मधल्या काळात पुढे दोनाचा आकडा लागला, काही वर्षांनी आणखी एक दोन. दोन्ही वेळा बोर्डावर नव्या चिठ्ठ्या यांनीच चिकटवल्या होत्या. "आधी गावाचा कोड, मग दोनदा दोन, मग हे पाच."

वाजला. खूप वेळ वाजत राहिला. दुरुस्तीवाल्यानंही हातातलं काम थांबवलं.

"कंट्रोल," एक त्रासलेला आवाज आला.

"साहेब, साडेपाचची विमानतळाची बस. त्यात माझी मुलगी आहे. तिला दोन मिनिटं फोनवर बोलवा."

"बाई, असं कुणाला बोलावता येत नाही. भोंगेसुद्धा काढले इथले. सगळं पडद्यावर दिसतं आता. तिच्या मोबाइलवर करा ना."

"मला तिचा नंबर पाठ नाही हो." हे म्हणताना बाईंना रडू फुटलं. आतापर्यंत आवरलेलं सगळं त्या एका वाक्यात बाहेर आलं. "माझ्या मुलीचाच नंबर पाठ नाही. निळी ओढणी आहे, दोन मोठ्या बॅगा आहेत. बघा ना जरा."

 पलीकडे रिसीव्हर टेबलावर ठेवल्याचा आवाज आला आणि खुर्ची सरकली. बाई ऐकत राहिल्या. पंखा, कुणाचा तरी खोकला, लांबून हॉर्न. दुरुस्तीवाल्यानं दुरुस्तीला आलेला दुसराच एक फोन बघून बोटांनी दाखवलं, पाच सव्वीस. मग सत्तावीस. मग धावत आलेली पावलं.

"आई? काय झालं? बरी आहेस ना?"

"बरी आहे."

"मघापासून लावतेय तुला. बंदच येतोय. मला वाटलं, मुद्दाम बंद केलास."

खोटं बोलायला चांगली जागा होती. काच फुटली होती, दुकानदार साक्षीला होता.

"मुद्दामच दिला दुरुस्तीला," बाई म्हणाल्या. "निघताना तुझं तोंड बघायला लागू नये म्हणून. आणि सकाळी जे बोलले, ते फार वाईट बोलले. तू घेऊन जाऊ नकोस ते."

 पलीकडून नाक ओढल्याचं ऐकू आलं. मागे तो त्रासलेला आवाज म्हणाला, "बस थांबवलीय मी, पण एकच मिनिट."

"आई, माझा नंबर पाठ नाही म्हणालीस यांना? तू?"

"नाही."

"लिहून घे. तिकडे गेल्यावरही हाच ठेवणार आहे मी."

"सांग. लिहायला नको."

लेकीनं एकेक आकडा सावकाश सांगितला, लहान मुलाला सांगावा तसा. दहाचे दहा आकडे बाईंच्या डोक्यात जाऊन आपापल्या जागी बसले. आता ते मरेपर्यंत तिथून हलणार नव्हते. बाहेर बसनं हॉर्न दिला.

"आला लक्षात?"

"नाही गं," डिरेक्टरीबाई म्हणाल्या. "पुन्हा एकदा सांग."