शिवणीतली माया

विद्यार्थी मला वायपर म्हणतात. मला ते ठाऊक नाही, असं त्यांना वाटतं. उजव्या हातानं फळ्यावर लिहायचं आणि डाव्या हातातल्या डस्टरनं मागोमाग पुसत जायचं, ही माझी वीस वर्षांची पद्धत. विद्यापीठातला तास पन्नास मिनिटांचा आणि भूमिती अफाट. ज्याला झेपेल त्यानं उतरवून घ्यावं, बाकीच्यांनी झोप काढावी. यात चुकतंय काय, हे मला खरंच कळत नव्हतं.

मग पहिल्या वर्षाच्या वर्गात माझी ताई येऊन बसली.

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. बाबा गेले तेव्हा तिनं कॉलेज सोडलं आणि त्यांचं टेलरिंगचं दुकान हातात घेतलं. मी मशीनखाली बसून गृहपाठ करायचो. आता दुकान भाची बघते. म्हणून सत्तावन्नाव्या वर्षी बाईसाहेबांनी कपड्यांच्या डिझाइनच्या पदवीला नाव घातलं, आणि त्यात भूमिती शिकवणारा नेमका मी. वर्गात ती मला "सर" म्हणते आणि घरी बाळ्या. तिचे पेपर मी तपासायचे नाहीत, ते शेजारच्या खोलीतल्या संख्याशास्त्रवाल्या सरांकडे जायचे.

सहामाहीत तिला पन्नासपैकी नऊ मिळाले. मी तडक दुकानात गेलो.

"नऊ? अगं, शंकू तर उलगडायचा होता. घेरदार झगे तू झोपेतसुद्धा कापशील!"

"कापीन ना. पण तू लिहितोस, आणि मी चष्मा सावरेपर्यंत सगळं गायब." ताई सुईत दोरा ओवत होती. "वार्षिकला नापास झाले तर गपचूप मशीनवर येऊन बसणार. मग मला पुन्हा शिक म्हणायचं नाहीस."

ताई बोलते तसं करते.

"थांब, तुला मी नोट्स आधीच देतो. परीक्षेत वेळही वाढवून मागतो."

"मला एकटीला? म्हणजे भावानं बहिणीला वर ढकललं! मुळीच नको." तिनं एक कोट पुढ्यात ओढला. "बाळ्या, खरं सांगू का? तुझ्या शिकवण्यात मायाच नाही."

माझं डोकंच फिरलं. "माया नाही? इतकी धावपळ करतोय ती कुणासाठी?"

ताई इतकी हसली की सुई खाली पडली. "अरे वेड्या, ती माया नव्हे, ही!" तिनं कोट उलटा केला. आतल्या शिवणीत दोन बोटं कापड दुमडलेलं होतं. "हे जास्तीचं सोडतो ना, त्याला आम्ही माया म्हणतो. उद्या कोण जाड होईल, कोण नाही, मला काय माहीत? म्हणून कुणी न मागता प्रत्येक कोटात सोडते. तू काठोकाठ कापतोस, आणि ज्याला बसत नाही त्यालाच बेढब ठरवतोस."

मी तणतणत घरी आलो.

दुसऱ्या दिवशी टेबलावरचं विद्यापीठाचं एक परिपत्रक उचललं. दोन वर्षं ते माझ्या चहाच्या कपाखाली होतं, वर कपाचं वर्तुळही उमटलेलं. विषय, सर्वांसाठी अध्यापन. पहिल्यांदाच वाचलं. ताईचंच म्हणणं, फक्त कोटाशिवाय: एकच गोष्ट वाचायला, ऐकायला आणि हाताळायला द्या, शिकलेलं दाखवायच्या वाटा एकाहून जास्त ठेवा, आणि हे सगळ्यांसाठी, पहिल्या दिवसापासून, कुणाला मागायला न लावता. चला, पहिला दिवस तर केव्हाच हुकला होता!

मी नोट्स ठळक अक्षरात आदल्या दिवशी पाठवू लागलो. तास रेकॉर्ड करू लागलो. बाकाबाकावर कागदाचे शंकू वाटले. डस्टर मात्र कुठं सापडेना. ताई पिशवीवर हात ठेवून निष्पाप चेहऱ्यानं बसली होती.

आठवड्याभरानं मागच्या बाकावरची एक मुलगी भेटायला आली. तिला एका कानानं ऐकूच येत नव्हतं, दुसऱ्यानं जेमतेम. बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघून ती समजून घ्यायची, आणि मी अख्खी सहामाही फळ्याकडे तोंड करून बोललो होतो. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

वार्षिक परीक्षेला मी तीन पर्याय ठेवले. लिहा, तोंडी समजावून सांगा, किंवा वस्तू करून दाखवा. वेळ तीन तास आणि वर एक तास माया. विभागप्रमुख म्हणाले, "आता लिहायला एक जण बसेल तर शपथ!"

परीक्षेच्या दिवशी दर वेळी पहिली येणारी मुलगी हौसेनं शंकू करायला बसली आणि तो देखरेखीला आलेल्या संख्याशास्त्रवाल्या सरांच्या बाहीला चिकटवून मोकळी झाली. ताई झगा आणणार याची मला खात्री होती. ती फक्त पेन घेऊन आली.

"कापड कुठंय?" मी कुजबुजलो.

"घरी."

"अगं, ते तर तुला डोळे मिटून येतं!"

"म्हणूनच. येतं ते दाखवायला इथवर कशाला येऊ? माझं लिहायचं राहून गेलं होतं, बाळ्या."

'बाळ्या' ऐकून अख्खा वर्ग फिदीफिदी हसला. मी खिडकीकडे वळून डोळे पुसले. ताई चार तास लिहीत होती. कुलूप हातात घेतलेला शिपाई दारात उभा राहून जांभया देत होता.

निकालाआधी संख्याशास्त्रवाले सर तिचा पेपर घेऊन आले. "पन्नासपैकी एकतीस. पण आकृतीखाली बाईंनी टीप लिहिलीय, 'चिकटवण्यासाठी कडेला माया सोडावी.' याला गुण देऊ का?"

"नका देऊ," मी म्हणालो. "ते मी शिकवलेलं नाही."

निकालानंतरच्या तासाला पोरांनी ताईला आग्रह करकरून फळ्यापाशी उभं केलं. तिनं शंकूच्या उलगड्याचं सूत्र सिद्ध केलं, गोल अक्षरात, सावकाश, एक पायरी न गाळता. मग पिशवीतून डस्टर काढून माझ्यापुढे धरलं.

"घ्या सर. आता खुशाल पुसा."

मी ते खिशात घातलं. पुढच्या तासाच्या बाई दारात खोळंबल्या होत्या.

"अहो सर, फळा पुसून देताय ना?"

"नाही," मी म्हणालो. "पलीकडे तुमच्यासाठी जागा सोडलीय."