मुंजाजींचा कटला

रत्नपालरावांनी बातमीदारी सोडून बारा वर्षं झाली होती. तरी त्यांचं जुनं साप्ताहिक छापायला जायच्या दिवशी ते लेकीच्या, आताची संपादक करुणा हिच्या टेबलाशेजारी खुर्ची टाकून बसत. मदत म्हणून नव्हे, जुन्या दिवसांसाठी. संगणकाला शाईचा वास येत नाही, हे ते तिला दर आठवड्याला नव्याने सांगत.

त्या दिवशी सिद्धेश्वर धरणाकाठच्या गावाहून अनुसयाबाई आल्या. त्यांनी एक पिवळं कात्रण टेबलावर ठेवलं : ‘धरणात बावीस किलोंचा कटला, मुंजाजींच्या जाळ्यात विक्रमी मासा.’ खाली रत्नपालरावांचं नाव, साल एकोणीसशे एकोणनव्वद.

“भाऊ, उद्या गावात ह्या माशापायी आमच्या मालकाचा सत्कार हाय. पर मासा म्या धरला व्हता. मालक तवा तापानं घरी पडले व्हते.”

रत्नपालरावांना ती सकाळ आठवली. वजनकाट्यावर मासा, भोवती गर्दी, ओल्या लुगड्यातली एक बाई. जाळं कोणीही ओढो, काट्यावर नाव सांगायचं ते घरधन्याचं, अशी रीत. त्यांनी ते उतरवून घेतलं, बातमीचं पाकीट एसटीच्या कंडक्टरकडे दिलं आणि भजी खायला गेले. बाईला विचारायचं राहून गेलं. भज्यांची चव मात्र अजून जिभेवर होती.

“इतकी वर्षं काहून बोलल्या न्हाईत?” रत्नपालरावांनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

“कात्रण भित्तीवर व्हतं, घर सुखात व्हतं. पर उद्या शाल त्यांच्या आंगावर पडली, की मंग कोनाला सांगू?”

“चूक पहिल्या पानावर होती, दुरुस्तीही तिथंच जाईल,” करुणा म्हणाली.

रत्नपालराव मजकूर सांगू लागले आणि वजनापाशी अडखळले.

“आणखी एक. मासा चौदा किलोचा होता. बावीस मी केला. वीसच्या खालचा मासा आमचे संपादक पहिल्या पानावर घेत नसत.”

“बाबा!”

“त्या काळी मासे झपाट्याने वाढायचे.”

करुणाने कपाळाला हात लावला. “मावशी, चौदा छापलं तर सत्कारच रद्द करतील. काय करू?”

अनुसयाबाईंनी कात्रणातल्या ‘बावीस’वर बोट ठेवलं.

“त्यानं जाळ्यासगट मला कमरंइतक्या पान्यात वढलं व्हतं. चौदाच्यानंच वढलं. लिवा तेवढंच.”

सत्कार रद्द झाला नाही. दुसऱ्या दिवशी मांडवात दुरुस्ती मोठ्यानं वाचली गेली. मुंजाजी उठले, सत्कारासाठी आणलेली शाल त्यांनी बायकोच्या खांद्यावर घातली.

“नाव बराबर हाय. मीच सांगाया पायजे व्हतं,” ते म्हणाले. मग रत्नपालरावांकडं वळून हळूच, “पर भाऊ, वजन काहून उतरवलं? छत्तीस वर्षं मी बावीस सांगून राहिलो!”

“तुमी धरला आसता तर बावीसचाच आसता,” शाल सारखी करत अनुसयाबाई म्हणाल्या. “म्या धरला. चौदाचाच व्हता.”