उरलेलं सिमेंट

मित्रांनो, मला शिवी न देता ओलांडून गेलेला ड्रायव्हर मी अजून पाहिलेला नाही. मी एक जुना गतिरोधक आहे. मेक्सिकोतल्या साकातेकास राज्यात, एल कार्रिसाल गावाच्या तोंडाशी, तोमासाकाकूंच्या टपरीसमोर मी आडवा पडलेलो असतो. काकू गोर्दिता विकतात. मक्याची जाड भाकरी चिरून आत घेवडा नाहीतर मिरचीतलं मांस भरायचं, ती गोर्दिता. माझ्यापाशी गाड्या हळू होतात, वास नाकात शिरतो, माणसं थांबतात. काकूंची चूल त्यावर चालते. माझं कौतुक एवढंच.

आता जन्माचं सांगतो. काकूंचा नवरा निकानोर शेतावरून पायी घरी येत होता. लग्नाहून परतणाऱ्या एका गाडीने त्याला इथेच उडवलं. चालवणारा म्हणाला, "दोनच बाटल्या घेतल्या होत्या." आमच्याकडे माणसाला स्मशानात पुरतात, पण जिथे जीव गेला तिथे रस्त्याकडेलाही एक क्रूस उभा करतात. नऊ दिवस प्रार्थना झाली, क्रूसाचा पाया भरला आणि थोडं सिमेंट उरलं. निकानोरचा धाकटा भाऊ माक्लोव्यो गवंडी होता. तो म्हणाला, "वाया कशाला घालवायचं? रस्त्यावर आडवं टाकू या." त्या उरलेल्या सिमेंटचा मी झालो.

परवानगी कोणी मागितली नाही. आमच्या भागात ती कोणीच मागत नाही. क्रूस उभा राहिला की त्याच्याजवळ माझं एक भावंड आडवं पडतं. आम्ही सगळेच दारूपायी जन्मलो असं मी म्हणणार नाही. काही शाळेपुढचे आहेत, काही नुसत्या हौसेचे. पण राज्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बसने जा आणि धक्का बसला की खिडकीतून कडेला बघा. क्रूस दिसला, तर खाली उतरून गावात विचारा. "दोनच घेतल्या होत्या" हे उत्तर तुम्हाला किती ठिकाणी मिळतं ते मोजा.

मी ओला होतो तेव्हाचीच गोष्ट. काम संपलं तशी मंडळींनी बीअर उघडली. बीअरने मेलेल्या माणसाच्या नावाने ती प्यायली. मग माक्लोव्योने घरी जायला आपली गाडी काढली आणि थेट माझ्या अंगावरून नेली. सकाळी सगळे हसले. "माक्लोव्यो, कामावर सही केलीस की रे!" काकू हसल्या नाहीत. ती चाकाची खूण अजून माझ्या पाठीवर आहे. पाऊस पडला की तिच्यात पाणी साचतं. काकू रोज टपरीपुढे झाडतात तेव्हा तिथली माती बोटाने काढतात.

मग वर्षं गेली. दर सोमवारी टपरीतला रेडिओ राज्यभरात किती मेले, किती जायबंदी झाले ते वाचतो. "दुर्दैवी अपघात" म्हणतो आणि लगेच बीअरची जाहिरात लावतो. दुर्दैवी! जणू गारा पडल्या! कुबड्या टेकत येणारी गिऱ्हाइकं मी ओळखतो. आजोळी वाढणारी पोरं माझ्यावरून उड्या मारत शाळेत जातात. शहरात पोलीस ड्रायव्हरांना नळीत फुंकायला लावतात. ते उभे राहायच्या आत फोनवर निरोप फिरतात आणि प्यालेली मंडळी आमच्या रस्त्याने येतात. एकाने तर तोंडात घास असताना हे काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "म्हणजे शहरातली माणसं वाचवलीस. मरायला आमची आहेतच."

अलीकडच्या एका रविवारी दुपारी माक्लोव्योच्या नातवाच्या बाप्तिस्म्याचं जेवण होतं. जेवून सात-आठ जण त्याच्या उघड्या गाडीत मागे उभे राहून शेजारच्या गावी बँड ऐकायला निघाले. त्यात काकूंची एकुलती लेक ओतिलिया होती. गाडी माझ्यापाशी हळू झाली, तशा काकू पिठाच्या हातांनी धावत आल्या आणि माझ्यावर उभ्या राहिल्या.

"भावोजी, किल्ली द्या."

"अहो वहिनी, दोनच घेतल्यात!"

"तिसरी घेतलेला माणूस मला जन्मात भेटलेला नाही. किल्ली."

"हा गतिरोधक बांधला कोणी? मी! आणि त्याच्यावर उभ्या राहून मलाच अडवता?"

"बांधलात तेव्हाही प्यालेलेच होतात. चाक उमटलंय बघा माझ्या पायाखाली."

मागून कोणीतरी ओरडलं, "काकू, आधी चार गोर्दिता द्या, मग भांडा!" सगळे खिदळले.

"ओतिलिया, खाली उतर."

"आई, सगळ्यांसमोर काय गं!"

"सगळ्यांसमोरच. तुझा बाप इथेच पडला होता, तेव्हाही सगळे होते."

ओतिलिया रडवेली होऊन उतरली. तिच्यामागून आणखी दोघी उतरल्या. माक्लोव्योचा चेहरा लाल झाला. "राहा उभ्या! रस्ता काय एकच आहे?" असं म्हणून त्याने गाडी मागे घेतली आणि नदीकाठच्या वाटेला लावली. काकू काही पावलं धावल्या. मी तेवढंही करू शकलो नाही. मित्रांनो, गतिरोधकाला उठून दुसऱ्या रस्त्यावर आडवं पडता येत नाही.

त्या वाटेने लिनोबाबा सायकलवरून पाव विकून परत येत होते. लोक पोचले तेव्हा उरलेले पाव शेतात विखुरले होते आणि बाबा गेलेले होते. माक्लोव्योला खरचटलं फक्त. "म्हातारा मध्येच आला," तो पोलिसांना म्हणाला. आणि पुढे तेच, दोनच. त्याला पोलीस घेऊन गेले.

नऊ दिवस प्रार्थना झाली. क्रूसाचा पाया भरला. सिमेंट उरलं. गावातले पुरुष ते नदीकाठच्या वाटेवर आडवं टाकायला आणखी फावडी न्यायला टपरीवर आले, ती सगळी काकूंकडे असतात. बाहेर त्यांच्या गाड्यांत बीअरचे खोके तयार होते. काकूंनी पीठ मळायची परात पुढे ठेवली.

"आधी किल्ल्या."

"काकू, मयताच्या कामाला आलोय. चेष्टा करता काय?"

"जो किल्ली टाकेल त्याला फावडं."

"मग घरी कसं जायचं?"

"निकानोर जात होता तसं. पायी."

मग परातीत किल्ल्या पडू लागल्या. सिमेंट वाळेपर्यंत काकू तिथे नदीकाठी बसून राहिल्या. बीअर उघडलीच, पण माणसं चालत घरी गेली. ओतिलिया सांगते, तो गतिरोधक वाकडा झालाय, कारण गवंडी कोठडीत आहे. पण त्याच्या पाठीवर चाक नाही.

ही एका गावाची एक संध्याकाळ झाली. पुढच्याच रविवारी तीन गाड्या थांबल्या. काकूंनी परात पुढे केली. एकाने मुकाट्याने किल्ली टाकली. दोघे हसले आणि नदीकाठच्या वाटेने गेले. माझ्या त्या नव्या भावंडापाशी गाड्या खडखडल्याचा आवाज इथवर आला. त्याच्यापुढचा रस्ता मोकळाच आहे.

मित्रांनो, माझी निगा राखा असं मी म्हणणार नाही. मला रंग नको, डागडुजी नको. शिव्या द्यायच्या तर द्या. फक्त आपल्या घरातला माणूस "दोनच" म्हणत उठला की त्याच्यासमोर परात धरा. मला आता आणखी भावंडं नकोत.