सत्तावीसपैकी सत्तावीस

आरमोरीच्या नईम टेलरने तीन महिने शिलाई मशीनला हात लावला नव्हता. डॉक्टरांनी डिप्रेशन सांगून गोळ्या दिल्या. त्यांना चंद्रपुरात बसून नजर ठेवता यावी, म्हणून एका संस्थेच्या इंदुताईंनी नईमच्या बायकोच्या, खैरुनच्या हाती मोबाइल दिला. दर सोमवारी नवऱ्याला नऊ प्रश्न विचारायचे: झोप उडते का, भूक मरते का, मन उदास राहतं का. ‘कधीच नाही’ला शून्य, ‘रोज’ला तीन. बेरीज मेसेजने पाठवायची. साल २००७, खैरुनला बटणं दाबायचं भारी अप्रूप. आकडा कमी हवा की जास्त, हे इंदुताई सांगायला लागल्या आणि नेमकं तेव्हाच दूध उतू गेलं. खैरुन तिकडे पळाली.

पहिल्या सोमवारी एकोणीस आले. सत्तावीसपैकी एकोणीस! मॅट्रिकला तीनदा आपटलेल्या माणसाला एवढे मार्क? खैरुनने शेजारी साखर वाटली. पण पुढे पंधरा झाले, मग अकरा. माणूस जेवायला लागला होता, मशीनला तेलही घातलं होतं, आणि मार्क मात्र घसरत चालले होते. तिचा जीव कासावीस झाला.

“अजी, जरा मन लावून जवाब द्या ना,” ती रडवेली होऊन म्हणाली. “काऊन असं करून राह्यले?”

नईमने मान वर करून तिच्याकडे पाहिलं. पुढच्या सोमवारी वीस आले, मग चोवीस, मग पैकीच्या पैकी! त्या दिवशी खैरुनने शिरा केला.

शिरा चुलीवरून उतरतो न उतरतो तोच दारात जीप थांबली. इंदुताई धापा टाकत आत आल्या.

“नईमभाऊ कुठी हायेत? डॉक्टरसाहेबानं नागपूरले भरती कराले सांगितलं!”

नईमभाऊ मशीनवर बसून एका गिऱ्हाइकाशी पायजम्याच्या उंचीवरून भांडत होते.

“सत्तावीस म्हणजे लय बिमार, खैरुनबाई! शून्य पाहिजे, शून्य!”

खैरुनने हातातला शिऱ्याचा झारा खाली ठेवला. शून्यवाल्याला पास करणारी ही कसली परीक्षा, खुदा जाणे! इंदुताईंनी तिथल्या तिथे नऊही प्रश्न पुन्हा विचारले. खरी बेरीज चार आली.

“मंग सत्तावीस कुठून आणले, भाऊ?”

नईमने मान खाली घातली. “आकडा उतरला का हिचं तोंड उतरे. मले पाहवत नव्हतं. म्हणून मी साऱ्यायलेच ‘रोज’ म्हणत गेलो.”

इंदुताई कपाळाला हात लावून हसत सुटल्या. खैरुनला मात्र हसू येईना. मशीन बंद होती ते तीन महिने ती या माणसासमोर रडली होती, ओरडली होती, उपाशी बसली होती. त्याला ती दिसलीच नव्हती.

“माझं तोंड तुमाले दिसलं?” तिने विचारलं.

“मंग? समोरच तं होतं.”

खैरुनने पदरात तोंड खुपसलं आणि ती ढसाढसा रडायला लागली. नईम पार गडबडून गेला.

“आता काऊन रडून राह्यली? पुढच्या सोमवारी शून्य आणतो ना!”