स्टिप्युला

भिंगाखाली अक्षरं फुगली आणि राघोनं शब्दकोशातली ती ओळ तिसऱ्यांदा वाचली. स्टिप्युलेट : करारात अट घालणं. मूळ लॅटिन, स्टिप्युला, म्हणजे धान्याची काडी. जुने रोमन लोक वचन देताना काडी मोडत आणि पुढे दोन्ही टोकं जुळवून ते वचन ओळखत... अशी एक समजूत.

काडी! वचनासाठी! आणि आपल्याकडे... एकतीस वर्षांपूर्वी, मूल होत नाही म्हणून घरच्यांनी काडीमोड ठरवली, टोकावड्याला पंचांनी त्याच्या हातात भाताची काडी दिली, त्यानं ती मोडली. सुंदरा समोरच उभी होती. तुला काही बोलायचंय का, असं कुणीतरी त्याला विचारलंही होतं. मी का खाली बघत राहिलो? बोलायचं होतं, सगळंच बोलायचं होतं — पण वेळेवर तोंड उघडलं तर तो राघो कसला. पुढे तिनं दुसरं घर केलं नाही, यानंही नाही.

मुरबाडहून साडेनऊची शहापूर एसटी. खिडकीशी बसून तो वाक्यं जुळवत होता, खोडत होता. सत्तरीत असं धावत सुटणं शोभतं का, नुसता एक शब्द तर सापडलाय... पण ती खालची ओळ! बारीक टाइपातली : विद्वानांना ही व्युत्पत्ती मान्य नाही. नाही सांगितली तर? सुंदराच्या आटगावात कोण शब्दकोश उघडणार आहे?

शहापूरहून रिक्षा. सुंदरा भावाच्या ओट्यावर तांदूळ निवडत होती.

"कोन मेला?" मान वर न करता तिनं विचारलं.

"कोणी नाही. एक शब्द सापडलाय."

"तुमाला? शब्द?" ती हसली. "तवा कुठं ठेवला व्हता?"

त्यानं सांगितलं — रोमन, काडी, दोन टोकं — धापा टाकत, अडखळत, पुन्हा पहिल्यापासून. सुंदराची बोटं थांबली. इथंच गप्प बसावं, असं त्याला फार वाटलं.

"पण हे खरं नसेलही," तो म्हणाला. "खाली लिहिलंय तसं. पंडितांना पटत नाही."

"मंग कशाला आलाव एवढ्या लांब?"

"मला ती काडी मोडायची नव्हती गो."

ती तांदूळ बाजूला सारून त्याच्याकडे बघत राहिली. एवढं बोलायला त्यानं कुठलं पान उघडलं नव्हतं, कुणा पंडिताचा आधार घेतला नव्हता, चूक ठरलं तर ते सर्वस्वी त्याचंच होतं — भीती तर वाटत होतीच... आणि तरी त्याला पुढचं वाक्य सुचत होतं, त्याच्या पुढचंही.