स्वयंपाकघरातला घोडा

आमच्या स्वयंपाकघरात रोज परकी माणसं येतात आणि त्यांना येऊ द्यावंच लागतं. गावाच्या जुन्या दरवाजावर दोन खोल्या आहेत, त्यांत आम्ही राहतो. माझे आजेसासरे इथले राखणदार होते, मग सासरे, आता आमचे हे. पगार सांगण्यासारखा नाही, पण राहायला जागा मिळते. बदल्यात सकाळी दहापासून लोकांना वर सोडायचं, अशी नगरपालिकेची अट. लोक धापा टाकत जिना चढतात आणि शेगडीशेजारच्या भिंतीवरचा घोडा बघतात.

घोडा कोळशाने काढलेला. गावाला वेढा पडला होता तेव्हा पहाऱ्यावरच्या कुण्या शिपायाने वेळ जात नव्हता म्हणून तो काढला, असं सांगतात. त्याला पाय तीनच. चौथा काढण्याआधी शिपायाला गोळी लागली, असं मी लोकांना सांगते, कारण सासऱ्यांनी मला तसंच शिकवलं होतं. मला विचाराल तर शिपाई आळशी होता. पण लोक हळहळतात, फोटो काढतात आणि जाता जाता माझ्या पातेल्यात डोकावून आज काय शिजतंय तेही बघून घेतात. नवी नवरी होते तेव्हा मला याचा इतका संताप यायचा, की लोक यायच्या वेळेलाच मी मिरच्या भाजायला घ्यायचे. सगळे खोकत खोकत खाली पळायचे.

त्या दिवशी मात्र नुसते बघे येणार नव्हते. जुन्या वास्तूंची पाहणी करणाऱ्या एक तज्ज्ञ बाई राजधानीहून येणार होत्या. अशा जागेत बिऱ्हाड नको, यांना हलवा, असं नगरपालिकेत काहीजण बरेच दिवस म्हणत होते. घोडा नीट सांभाळलाय असं बाईंनी सांगितलं तर आम्ही राहणार, नाहीतर सामान बांधायचं. दुसरीकडे भाड्याने राहायची आमची ऐपत नाही, हे सगळ्या गावाला माहीत होतं.

हे बाईंना आणायला स्टेशनवर गेले. मी डाळ शिजत ठेवली आणि खालच्या नळावर पाणी भरायला गेले. नळाला गर्दी होती. वर येऊन बघते तर सासूबाई भिंतीसमोर उभ्या, हातात ओलं फडकं आणि पायाशी चुन्याची बादली.

पाहुणे येणार म्हटलं की सासूबाईंना हात स्वस्थ ठेवता येत नाहीत. धुराने काळी पडलेली भिंत बाईंनी पाहिली तर काय म्हणतील, या विचाराने त्यांनी चुना भिजवला होता. घोड्याला हात लावायचा नाही हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्यांनी त्याच्याभोवती वीतभर जागा सोडली आणि बाकीची भिंत पांढरी करून टाकली. काम नेटकं, त्यात खोट काढायला जागा नाही. पण ब्रशचे चार शिंतोडे घोड्यावर उडाले. आता शिंतोडे दिसल्यावर सासूबाई ते तसेच राहू देणार? त्यांनी फडकं ओलं करून पुसले.

शिंतोडे गेले आणि त्यांच्याबरोबर घोडाही गेला. शेपटी आणि मागचा एक पाय तेवढा उरला होता. बाकी नुसता करडा फराटा.

"हलकंच पुसलं गं," त्या म्हणाल्या.

मी त्यावर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. लग्न होऊन आल्यापासून जे जे गिळलं होतं ते सगळं बाहेर पडलं. सासूबाईंनी एका शब्दानेही उलट उत्तर दिलं नाही आणि त्यामुळेच मी खरी घाबरले. एरवी त्या मला शेवटचा शब्द कधी घेऊ देत नाहीत. त्या खाली बसल्या, पुन्हा उठल्या, इस्त्रीच्या कोळशाच्या डब्याशी गेल्या आणि त्यातला एक टोकदार तुकडा निवडून त्यांनी माझ्यापुढे धरला.

"तू काढ. रोज बघतेस. डोळे मिटूनसुद्धा काढशील."

मला ते भयंकर वाटलं आणि पटलंही. गाडी येऊन गेली असणार. स्टेशनपासून आमचा दरवाजा फार लांब नाही आणि ह्यांना रेंगाळत चालता येत नाही. मी कोळसा घेतला आणि मानेपासून सुरुवात केली. ओल्या भिंतीवर तो घसरत होता. कान जमले, नाक जमलं. खरं सांगायचं तर मूळच्यापेक्षा चांगला येत होता आणि हीच मोठी पंचाईत होती. "जरा वाईट काढ," सासूबाई मागून म्हणाल्या. एरवी मी हसले असते.

पोटाची रेघ ओढताना मी जरा जोर दिला. भिंतीतून पोकळ आवाज आला आणि तळहाताएवढा पोपडा सुटून माझ्या पायावर पडला.

आत लाल रंग होता. लाल कापडाची घडी, तिला निळी किनार आणि खाली एका माणसाचं पाऊल. बोटं, नखंसुद्धा रेखलेली. इतकी वर्षं मी त्याच्या शेजारी उभी राहून कांदे चिरत होते.

तेवढ्यात जिन्यावर ह्यांचा आवाज आला. पायऱ्या जपून चढा, असं ते कुणाला तरी सांगत होते. सासूबाई पुढे झाल्या आणि भिंतीला पाठ लावून उभ्या राहिल्या, दोन्ही हात पसरून.

आधी बाई आत आल्या, त्यांच्यामागे नगरपालिकेचे कारकून आणि शेवटी हे. पांढरीफटक भिंत बघून ह्यांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी खोलीभर नजर फिरवली, ओल्या चुन्याचा वास घेतला आणि सासूबाईंना जरा बाजूला व्हायला सांगितलं. त्या हलल्या नाहीत. कारकुनांनी घसा खाकरला. ह्यांनी "आई" अशी हाक मारली, तरी त्या हलल्या नाहीत.

"घोडा मी पुसला," त्या म्हणाल्या. "पुन्हा काढायला घेतला तोही मीच. या दोघांना यातलं काही माहीत नाही. घालवायचं तर मला घालवा, त्यांना राहू द्या."

मी माझी काळी बोटं सगळ्यांना दिसतील अशी पुढे धरली आणि सांगितलं, की पुसला त्यांनी, काढला मी, तेव्हा काय असेल ते दोघींना बोला. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी त्यांच्या हातचं काम हिसकावून घेतलं.

पण बाईंचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्या फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या. सासूबाईंच्या कोपराखालून ती लाल घडी आणि ते पाऊल त्यांना दिसलं होतं. त्यांनी बॅटरी काढली, नखाने अगदी अलगद कड चाचपली. मग त्या कारकुनांना म्हणाल्या, की हे चित्र भिंतभर असणार, आणि ते घोड्याच्या कितीतरी आधीचं आहे. असं चित्र त्यांनी आजवर फक्त एकदाच पाहिलं होतं, तेही अर्धंच.

मग एकच धांदल उडाली. कारकुनांनी फोनवर फोन लावले. गावाचं नाव होणार, लांबून लांबून लोक येणार, असं ते ज्याला त्याला सांगत सुटले आणि मधेच त्यांनी ह्यांचा हात धरून जोरजोरात हलवला. चुन्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. सासूबाई मटकन स्टुलावर बसल्या. पाठ चुन्याने भरलेली, डोळ्यांत पाणी. "वाचलो गं," त्या माझ्या कानाशी म्हणाल्या. मी त्यांचा हात घट्ट धरला. मलाही तसंच वाटत होतं.

"आधी ती शेगडी बंद करा," बाई म्हणाल्या.

मग त्यांनी एकेक सांगायला सुरुवात केली. वाफ नको, धूर नको, पाणी तर अजिबात नको. भिंत उघडायला माणसं येतील. सामान आज नाही जमलं तर उद्या तरी खाली न्यायला हवं. आवाज गोड होता, मधूनमधून त्या आमचे आभारही मानत होत्या. ह्यांनी विचारलं, काम झाल्यावर परत कधी यायचं?

"इथे राहायला?" बाईंना खरोखरच आश्चर्य वाटलं. "इथे आता कुणालाच राहता येणार नाही."

हे हसत होते, ते हसू चेहऱ्यावरून काढायला त्यांना वेळ लागला. मला वाटलं, घोडा पुसल्याबद्दल हाकललं असतं तर किती बरं झालं असतं. निदान कडाकडा भांडता तरी आलं असतं. आता भांडायचं कुणाशी? समोरची माणसं आमचं अभिनंदन करत होती.

सासूबाई उठल्या. त्यांना हे अजून कळलं नव्हतं, की कळूनही त्या मानत नव्हत्या, कोण जाणे. शेगडीशी जाऊन त्यांनी झाकण उचललं, चमच्याने डाळ दाबून पाहिली आणि मग बाईंकडे वळून अगदी अदबीने विचारलं,

"कच्चीच राहिलीय. एवढी शिजवून घेऊ?"

भिंतीवरची नजर न काढता बाई म्हणाल्या, "नको."