गुलालातला फोटो

प्रमोदिनीने स्वतःला ओळखलं ते नथीवरून. एरवी पत्रकावरची ती बाई आपण आहोत हे तिला पटलंच नसतं. तोंड वासलेलं, दोन्ही हात वर, आणि कपाळापासून गळ्यापर्यंत लालभडक. मागे तसेच आणखी चेहरे. कोणीतरी सगळा फोटो काळपट करून टाकला होता आणि लाल तेवढा राखला होता. वर ठळक इंग्रजीत छापलं होतं : 'तुमचा उमेदवार हे लोक ठरवणार?'

फोटो होता गेल्या गणपती विसर्जनाचा. कॅनडातल्या कॅल्गरीच्या मंडळाचा गणपती पाण्याच्या मोठ्या टबात विसर्जित होतो, आणि भाड्याच्या हॉलमधला गालिचा खराब होईल म्हणून गुलाल बाहेर पार्किंग लॉटमध्ये उधळतात. प्रमोदिनी तिथे 'मोरया' म्हणून ओरडत होती, मनापासून, बेंबीच्या देठापासून. पण ज्याने जन्मात गुलाल पाहिला नाही त्याला ते रक्तच दिसणार, आणि छापणाऱ्याला नेमकं तेच हवं होतं.

अख्ख्या गल्लीच्या टपालाच्या पेट्या कोपऱ्यावर एकाच लोखंडी कपाटात होत्या. तिने त्या बंद दारांकडे पाहिलं. प्रत्येकात हेच पत्रक असणार, म्हणजे प्रत्येकात ती होती. 

तिची मुलगी रश्मी वकील होती, इथेच जन्मलेली, आणि पक्षाची उमेदवारी मागत होती. मोठ्या निवडणुकीआधी इथे पक्षाच्या आतच एक निवडणूक होते. शनिवारी कम्युनिटी हॉलमध्ये सभासद मत देणार होते : रश्मी की तो जुना, सगळ्यांच्या ओळखीचा स्थानिक गृहस्थ. रश्मीने निम्मं मंडळ पक्षाचं सभासद केलं होतं. नियमात बसणारं होतं, सगळेच करतात. पण पत्रकात ते धाड पडल्यासारखं दिसत होतं.

पत्रक पाहून तिचा नवरा रविकांत मटकन खुर्चीत बसला.

"फोटो मीच पाठवला," तो म्हणाला.

"तुम्ही? कुणाला?"

"कुठल्याशा प्रचार ऑफिसची ईमेल आली होती. सणाच्या शुभेच्छा द्यायच्यात, फोटो हवेत म्हणून. मी पूर्ण अल्बम पाठवला. तुझा सगळ्यात छान आला होता, तो पहिला ठेवला."

आता या माणसाला काय म्हणावं! मंडळाचा अध्यक्ष. दरवर्षी कोणी ना कोणी पुढारी येणार, डोक्याला फेटा बांधून घेणार, 'नमस्ते' म्हणून मोदक खाऊन जाणार, आणि हा आठवडाभर हवेत तरंगणार. पुढाऱ्याने फोटो मागितला म्हणजे आपल्या संस्कृतीचा मान झाला, एवढंच त्याला कळत होतं. प्रमोदिनीला त्याचा राग आला आणि त्याच्याकडे पाहून दयाही आली. तीही खूश झालीच असती, हे तिला माहीत होतं.

त्या दिवसापासून तिच्या जिवाला थारा राहिला नाही. ग्रोसरीच्या रांगेत मागचा माणूस टक लावून बघतोय असं वाटलं, तशी ती कोथिंबीर तिथेच टाकून बाहेर पडली. घरासमोर एक पिकअप हळू झाला, तिने धावत जाऊन पडदे ओढले. पिकअपवाला शेजारच्या घरी पिझ्झा द्यायला आला होता. ती स्वतःवर हसायला लागली, पण लगेच फोन वाजला. पलीकडे कोणीतरी नुसतं हसलं आणि फोन ठेवला.

मग रश्मीच्या फेसबुकच्या पानावर कोणीतरी त्यांच्या घराचा फोटो टाकला. हिरवं गॅरेज, दारातलं तुळशीचं रिकामं वृंदावन, घराचा नंबर. खाली एक शब्दही नव्हता. प्रमोदिनीने सरळ मुलीला गाठलं.

"रश्मी, नाव मागे घे."

"आई, आय ॲम नॉट क्विटिंग ओव्हर अ फ्लायर."

"फ्लायर नाही गं! घर दाखवलंय त्यांनी. उद्या कोणी दगड मारला तर? तुला काही झालं तर?"

 रश्मीने नखं कुरतडून लाल केली होती. लहानपणची सवय, मधे सुटलेली.

"ओके," ती म्हणाली. "तू सांग. सॅटर्डे मॉर्निंगला तू म्हणालीस ना, दॅट'स इट, आय'ल विथड्रॉ. प्रॉमिस."

शनिवारी सकाळी प्रमोदिनीचं ठरलं होतं. मुलगी सुखरूप असली म्हणजे झालं, उमेदवारी गेली चुलीत. फक्त शेजारच्या डोरीनला सांगायचं राहिलं होतं. डोरीन म्हातारी, एकटी, नवऱ्याच्या काळापासून पक्षाची सभासद. तिच्या घरासमोरचा बर्फ रविकांत शोव्हल करायचा, प्रमोदिनी तिला शिरा नेऊन द्यायची. तिला गाडीतून हॉलवर न्यायचं कबूल केलं होतं. आता आम्ही जात नाही, एवढं सांगून यायचं होतं.

डोरीनचं दार दिवसा कधी बंद नसे. प्रमोदिनीने ढकललं तर ते हललं नाही. तिने बेल दाबली. पडदा जरासा सरकला.

"तुझ्याबरोबर कोण आहे?" आतून डोरीनने विचारलं.

"कोणी नाही, डोरीन. मी एकटीच."

दार साखळीपुरतं उघडलं. फटीतून डोरीनचा एक डोळा दिसत होता. प्रमोदिनीने गारठलेले हात कोटाच्या खिशात घातले आणि डोरीन दचकून मागे सरली. प्रमोदिनीने चटकन हात बाहेर काढले. काय करतोय ते कळायच्या आत तिने दोन्ही तळवे उघडून म्हातारीला दाखवले.

"मला दुसरं कोणीतरी नेणार आहे, डिअर," डोरीन म्हणाली. साखळीवरची तिची बोटं लटलट कापत होती.

ते कापणं प्रमोदिनीला ओळखीचं होतं. आठवडाभर ती स्वतः तशीच कापत होती. आणि इथे, स्वतःच्या शेजारणीच्या पायरीवर, आपण किती निरुपद्रवी आहोत हे दाखवायला ती हात पसरून उभी होती. तिला रडू फुटलं. ते तिने कसंबसं आवरलं, कारण रडताना तोंड वेडंवाकडं होतं आणि म्हातारी आणखी घाबरली असती.

घरी रश्मी हातात फोन घेऊन वाट बघत होती.

"कॉल करू त्यांना? विथड्रॉ करतेय म्हणून?"

"नको."

"बट आई, काल तर तू..."

"आज तू मागे हटलीस ना, तर ते पत्रकच खरं ठरेल, आणि डोरीन मरेपर्यंत मला घाबरत राहील. बूट घाल. अहो, तुम्हीही चला."

रश्मी तिच्या तोंडाकडे बघत राहिली. "आर यू नॉट स्केअर्ड?"

"भयंकर," प्रमोदिनी म्हणाली आणि किल्ली तिच्यासमोर धरली. "गाडी तू चालव. माझ्याच्याने स्टिअरिंग धरवायचं नाही."